रुग्णाचे पाच गुण आणि कर्करोगानंतरचे वार्धक्य

विनयपिटकातील महावग्गात, ज्याची शुश्रूषा सुकर होते अशा रुग्णाचे पाच गुण भगवान बुद्धांनी सांगितले आहेत : हितकर तेच करणे, त्यात मात्रा जाणणे, औषध घेणे, शुश्रूषा करणाऱ्यास आजार खरा सांगणे आणि वेदना सहन करणे.

शहापूर-मुरबाडकडील, कर्करोगाच्या उपचारांतून उठलेल्या वृद्धांसाठी चौथा गुण आम्हांस सर्वाधिक मोलाचा वाटतो. मुरबाडहून एस.टी.ने कल्याण, तेथून लोकलने परळचे टाटा रुग्णालय. हा खर्च मुलांवर पडू नये म्हणून नवी गाठ वा न भरणारी जखम लपविली जाते. हा त्याग नव्हे. तोंडाचा कर्करोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत अधिक असतो. म्हणून तपासणी चुकवू नये.

मिश्री-तंबाखू कायमची सोडणे, हे हित. किरणोपचाराने तोंड कोरडे पडल्यास नागलीची पेज, मऊ भात, घोटघोट पाणी थोडे थोडे घेणे, ही मात्रा. सहनशीलता म्हणजे वेदना दडविणे नव्हे. बुद्धांच्या क्रमात सत्यकथन आधी येते.

याच प्रसंगी तथागतांनी आनंदासह अतिसाराने पीडित भिक्खूस स्वतः स्नान घातले. म्हणून वृद्धाने सांगावे, आणि घरच्यांनी न कंटाळता विचारावे.