अंगणातील जुन्या बाकांस व बाजांस घरच्या घरी रंग देणे

भंडारा जिल्ह्यात पावसाळा जूनच्या मध्यास सुरू होऊन सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो व सरासरीने सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. बांध्यांतील धानास हे पाणी जितके हितकर, तितकेच ते अंगणात किंवा वाडीत उघड्यावर राहिलेल्या लाकडी बाकास, बाजेस वा लोखंडी खुर्चीस मारक ठरते. चार-पाच पावसाळे गेले की अशा वस्तू चुलीत तरी जातात किंवा भंगारवाल्याकडे तरी जातात. वास्तविक जुने सागवान किंवा बिजा यांचे गाभ्याचे लाकूड सहसा इतक्या लवकर नासत नाही. नासतात ते पायांचे टोक आणि सांधे. कारण पाणी तेथेच मुरते. तेवढा भाग दुरुस्त करून वस्तू नीट रंगविली, तर तिचा उपयोग पुढे अनेक वर्षे होऊ शकतो.

परंतु रंगाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. वस्तू कुजू लागली की तिला रंगाचा हात द्यावा, म्हणजे कुज थांबेल, असे मानले जाते. ते बरोबर नाही. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कुज आणणारी बुरशी वाढू शकत नाही. ओल्या लाकडावर रंग दिल्यास तो ओल आतच कोंडून ठेवतो. वरून वस्तू चकचकीत दिसते व आत कुज चालू राहते. म्हणून पावसाळा संपताच रंगाचा डबा आणण्याची घाई करू नये. वस्तू छपरीत, वारा खेळेल अशा जागी, दोन विटांवर ठेवून महिना-दीड महिना वाळू द्यावी. धानाची मळणी आटोपल्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामास उत्तम होय. त्या दिवसांत सायंकाळी दव पडते, तेव्हा काम सकाळी ऊन चढल्यावर सुरू करून दुपारी चारच्या आत संपवावे. वैशाखाच्या उन्हात रंग वरून लवकर सुकतो, आत कच्चा राहतो व त्याला फोड येतात.

वस्तू वाळल्यावर तिची परीक्षा करावी. टोचा किंवा सुरीचे टोक पायांच्या तळाशी व सांध्यांत दाबून पाहावे. टोक सहज आत गेले, तर तेवढे लाकूड निकामी झाले आहे असे समजून ते सुताराकडून कापून काढावे व तेथे नवा तुकडा जोडावा. बारीक छिद्रे व त्यांतून पडणारी पिठासारखी भुकटी दिसल्यास भुंगेऱ्याची कीड आहे असे ओळखावे. अशा लाकडास टाकणखार व बोरिक आम्ल यांचे पाण्यातील द्रावण पाजून पुन्हा वाळवावे. हे द्रावण पावसात धुपून जाते. म्हणून त्यावर रंगाचे आवरण असणे अवश्य आहे. काही ठिकाणी पायांना डांबर किंवा यंत्राचे जळके तेल फासण्याची चाल आहे. डांबर नव्या रंगातून तपकिरी डागांच्या रूपाने वर येते, तर तेलावर रंग धरतच नाही. असा भाग तासून टाकावा, अथवा तो तसाच राहू देऊन रंग त्याच्या वरच्या भागासच द्यावा.

यापुढील काम जुना रंग खरवडण्याचे. येथे विशेष सावधगिरी पाहिजे. पूर्वीच्या काळी पांढऱ्या रंगात सफेदा व लोखंडाच्या अस्तरात शेंदूर वापरीत. ही दोन्ही शिशाची संयुगे होत. शिसे पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो. केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यापूर्वीच्या रंगात शिसे किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून ते आहे असे धरूनच चालावे. रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग पाण्याने भिजवून पाण्यात चालणाऱ्या पॉलिश कागदाने घासावा, खाली जुने ताडपत्र अंथरावे आणि निघालेला चिखल व पापुद्रे डब्यात बंद करून ठेवावेत. तोंडाला फडके बांधावे. मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

गुरांच्या बाबतीतही हाच धोका आहे व त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. गाई-वासरांना चाटण्याची सवय असते. रंगाचे पापुद्रे त्यांच्या पोटात गेल्यास वासरू आंधळे होऊन भिंतीवर डोके दाबू लागते व पुष्कळदा दगावते. तेव्हा हे काम गोठ्याजवळ करू नये. खरवडलेला माल उकिरड्यात, वांग्या-कोथिंबिरीच्या वाफ्यात किंवा बोडीत टाकू नये. रंगविलेले जुने लाकूड चुलीतही जाळू नये, कारण शिसे धुरात व राखेत उतरते आणि ती राख पुढे शेतात जाते.

आता रंगाकडे वळू. तेलरंगाचा पाया जवसाचे तेल हा होय. धानाच्या बांधीत कापणीपूर्वी उतेरा म्हणून फेकले जाते, तेच हे जवस. हे तेल पाण्याच्या निघून जाण्याने वाळत नसून हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते व त्याचा चिवट पापुद्रा बनतो. कच्चे तेल वाळण्यास कित्येक दिवस लागतात. दुकानात मिळणारे उकळलेले तेल एक-दोन दिवसांत वाळते. ज्यांना लाकडाचा मूळ रंग राखावयाचा आहे, त्यांनी हे तेल पातळ हाताने दोनदा द्यावे व न मुरलेले तेल पुसून घ्यावे. मात्र दर वर्षी पावसाळ्यापूर्वी ते पुन्हा द्यावे लागेल. लाखेच्या चपडीचे पॉलिश उघड्यावरील वस्तूस उपयोगाचे नाही. पाणी लागताच ते पांढरे पडते.

तेलाची फडकी कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. प्राणवायू शोषताना तेल तापते व ढिगातील उष्णता बाहेर न गेल्याने फडकी आपोआप पेट घेतात. तणसीच्या ढिगाजवळ असे घडल्यास गोठा वाचविणे कठीण जाईल. फडकी पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

रंग द्यावयाचा असल्यास प्रथम भेगा खडूची भुकटी व जवसाचे तेल मळून केलेल्या लुकणाने भराव्यात, नंतर प्रायमरचा एक हात व त्यावर एनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर पूर्ण एक दिवस थांबावे. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात अधिक टिकतात. चार फुटी पाठीच्या बाकास दोन हातांकरिता सुमारे अर्धा लिटर रंग लागतो. पायांच्या तळास सर्वांत अधिक रंग पाजावा. बाजेचे सुंभ आधी काढून घ्यावे व खुरांची छिद्रे आतूनही रंगवावीत. लोखंडी वस्तूवरील गंज तारेच्या ब्रशाने काढून, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे अस्तर द्यावे. एक रात्र तसेच ठेवल्यास दवाने पुन्हा गंज चढू लागतो. बांबूच्या सालीवर रंग धरत नाही, म्हणून ती आधी घासून खरखरीत करावी.

गव्हाणीस, पाण्याच्या टाक्यास किंवा धान्याच्या कणगीस हा रंग देऊ नये. रंग पुरता वाळेपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, बाक छपरीतच राहू द्यावा आणि त्यानंतर वाडीत ठेवताना प्रत्येक पायाखाली एक सपाट दगड घालावा.