तीन पेले आणि विसरलेला हात

जत्रेत किंवा आठवडी बाजारात चादर पसरून बसलेला जादूगार तीन पेले उपडे ठेवतो. एका पेल्याखालची गोळी दुसऱ्याखाली सापडते, मुठीत दिलेली गोळी नाहीशी होते आणि शेवटी पेल्याखालून भलतीच मोठी वस्तू निघते. जगातल्या सर्वांत जुन्या हातचलाख्यांपैकी हा एक खेळ. पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानेही एका पत्रात पेले आणि खडे घेऊन खेळ करणाऱ्यांचा उल्लेख केला आहे. या खेळात फसण्यातच मौज असते, युक्ती कळली की ती संपते, असे त्याचे म्हणणे. पाहणाऱ्यापुरते ते खरे आहे. शिकणाऱ्याची मौज मात्र युक्ती कळल्यावर सुरू होते. एक हात कमजोर असलेल्या मुलासाठी तर हे शिकणे उपचाराचा भाग होऊ शकते.

हात विसरतो म्हणजे काय?

जन्मापूर्वी किंवा जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला किंवा तिथे रक्तस्राव झाला, तर शरीराच्या विरुद्ध बाजूचे हातपाय कमजोर आणि ताठर राहतात. सेरेब्रल पाल्सीचा हा एकांगी प्रकार. यातली बहुतेक मुले चालू लागतात, शाळेत जातात. त्यामुळे 'थोडा हात कमी चालतो, एवढेच' असे म्हणून विषय मागे पडतो.

खरा तोटा हळूहळू होतो. कमजोर हाताने वस्तू धरायला वेळ लागतो, ती निसटते. चांगला हात तेच काम पटकन करतो. मूल साहजिकच चांगल्या हाताकडे वळते. बाटलीचे झाकण दातांनी उघडते, वही छातीने दाबून धरते. दुबळा हात वापरातून जातो, आणि जो हात वापरला जात नाही त्याला मेंदूतही जागा कमी मिळते. म्हणजे मूळ इजेने गेलेल्या शक्तीत न वापरल्याने होणाऱ्या नुकसानीची भर पडते. मूळ इजा पुसता येत नाही, पण ही भर बऱ्याच अंशी टाळता येते.

याची पहिली खूण घरातच दिसते. वर्षाच्या आतले बाळ साधारणपणे दोन्ही हात सारखेच वापरते. सात-आठ महिन्यांचे बाळ दर वेळी एकाच हाताने खुळखुळा घेत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच राहत असेल, तर 'आमचे बाळ डावखुरे आहे' असे कौतुक करून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

एका हाताने न होणारा खेळ

पेल्यांच्या खेळाचा सर्वांत सोपा प्रकार तीन कागदी कप आणि लोकरीच्या चार छोट्या गोळ्यांवर होतो. प्रेक्षकांना गोळ्या तीनच दिसतात. सारी जादू चौथीत असते.

तिन्ही कप तोंड वर ठेवून एकात एक बसवलेले असतात आणि चौथी गोळी मधल्या कपात लपलेली असते. एका हाताने हा गठ्ठा धरायचा. दुसऱ्या हाताने खालून एकेक कप काढून, मनगट फिरवून टेबलावर उपडा ठेवायचा. मधला कप एका लयीत उपडा झाला, तर आतली गोळी कोणाला दिसत नाही. आता मधल्या कपाच्या बुडावर एक गोळी ठेवायची, त्यावर उरलेले दोन कप चढवायचे, टिचकी मारायची आणि तिन्ही कप एकदम उचलायचे. गोळी खाली! बुडातून आरपार गेली असे वाटते. प्रत्यक्षात वर ठेवलेली गोळी आता दोन कपांच्या मध्ये अडकलेली असते. गठ्ठा सरळ केला की ती आपोआप मधल्या कपात येते, म्हणजे पुढच्या फेरीची तयारी झालेली असते.

यात हातांना काय काय करावे लागते? गठ्ठा न चेपता धरून ठेवणे, तळहात वर असताना कप पकडून मनगट पालथे करणे, लोकरीची गोळी चिमटीत घेणे आणि नेमक्या जागी सोडणे. एकांगी कमजोरीत नेमक्या याच हालचाली जड जातात. पकडण्याइतकेच, कित्येकदा त्याहून जास्त, सोडणे अवघड असते. शिवाय दोन्ही हातांना एकाच वेळी वेगवेगळी कामे असतात. सुरुवातीला कमजोर हाताने नुसता गठ्ठा धरला तरी चालते. मदतनीस हात म्हणून काम करणे हीच त्याची पहिली पायरी. पुढे कामांची अदलाबदल करता येते.

'हात शंभर वेळा उलटा-सुलटा कर' असे सांगितले तर आठ वर्षांचे मूल दहाव्या वेळी कंटाळते. जादू बसवायची असेल तर तीच हालचाल ते न सांगता करत राहते, कारण रविवारी मामाला फसवायचे असते.

पुरावा काय सांगतो?

जादू आणि पुनर्वसन यांची सांगड नवी नाही. प्रसिद्ध जादूगार डेव्हिड कॉपरफिल्ड यांनी 1982 साली अमेरिकेत 'प्रोजेक्ट मॅजिक' सुरू केले. त्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्णांना हातचलाखी शिकवू लागले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी एकांगी कमजोरी असलेल्या मुलांसाठी दोन्ही हातांच्या सघन सरावाची पद्धत विकसित केली. तिच्या आधारावर लंडनमध्ये 'ब्रीद मॅजिक' ही शिबिरे सुरू झाली. थेरपिस्ट आणि जादूगार मिळून मुलांना दोन आठवड्यांत सुमारे 60 तास जादू शिकवतात आणि अखेरीस मुले रंगमंचावर प्रयोग करतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांच्या दोन्ही हातांनी करायच्या कामांत सुधारणा नोंदली गेली. गट 23 मुलांचा, म्हणजे लहानच होता. पण भरपूर, ठरावीक उद्दिष्टाचा आणि प्रत्यक्ष कामातून होणारा सराव हातांना उपयोगी पडतो, या मूळ तत्त्वाला इतर अनेक अभ्यासांचा आधार आहे. नुसत्या मालिशीने किंवा दुसऱ्याने हात हलवून दिल्याने हे कौशल्य येत नाही.

दुसरा फायदा नजरेचा. गुस्टाव्ह कुन आणि मायकेल लँड यांनी 2006 साली चेंडू हवेत नाहीसा करण्याच्या जादूचा अभ्यास प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू हातातच ठेवून उडवल्याचा आविर्भाव करतो आणि वर पाहतो. सुमारे दोन-तृतीयांश प्रेक्षकांना न उडालेला चेंडू वर जाताना 'दिसला'. जादूगाराने स्वतःच्या हाताकडे पाहिले तेव्हा हे प्रमाण साधारण निम्म्यावर आले. लोक कुठे पाहतील, हे जादूगाराची नजर ठरवते. अधू हात खिशात किंवा बाहीत लपवणाऱ्या मुलाला हे शिकणे मोलाचे आहे. एरवी लोक त्याच्या हाताकडे टक लावून पाहतात तेव्हा ते अवघडते. जादू करताना कुठे पाहायचे, हे तेच लोकांना सांगत असते.

घरी आणि दवाखान्यात

जादू हा औषधांना, स्प्लिंटला किंवा थेरपीला पर्याय नाही, त्यांना जोड आहे. खेळ कोणता निवडावा आणि कमजोर हाताला कोणते काम द्यावे, हे थेरपिस्टने मुलाचा हात तपासून ठरवावे. रोज ठरलेल्या वेळी सराव, सोप्यापासून सुरुवात आणि चुकले तरी हात पुढे करून मदत न करण्याचा संयम, एवढे पालकांकडे हवे. सुरुवातीला रुंद, जड बुडाचे पेले आणि मोठ्या गोळ्या घ्याव्यात. हात तरबेज होईल तशा लहान कराव्यात. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर गोळ्या त्याच्या हाती लागू देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. पक्षाघातातून सावरणाऱ्या प्रौढांनाही थेरपिस्टच्या सल्ल्याने हाच खेळ शिकता येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांमधील 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. गरज असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. पथक तपासणीला येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि 'हा हात कमी वापरतो' हे आपणहून सांगावे. धावपळीच्या तपासणीत, चांगल्या हाताने झटपट काम उरकणाऱ्या मुलाचा दुसरा हात नजरेतून सुटू शकतो.