आरोपीचा वकील: बॅरिस्टर आंबेडकरांचे दोन खटले

बाबासाहेब आंबेडकरांवर व्याख्यान म्हटलं की आपण घटनेकडे वळतो, चवदार तळ्याकडे वळतो, धर्मांतराकडे वळतो. ते योग्यच आहे. पण आज मी त्यांच्या एका कामाविषयी बोलणार आहे, ज्याची चर्चा त्या मानाने कमी होते. 1923 साली त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली आणि पुढची अनेक वर्षं ते कोर्टात उभे राहिले. त्यातले काही खटले फौजदारी होते आणि बाबासाहेब त्यांत आरोपीच्या बाजूने होते.

आरोपीच्या वकिलाबद्दल समाजाचं मत फारसं बरं नसतं. "असल्या माणसाचं वकीलपत्र घेतलंच कसं?" हा प्रश्न आपण चहाच्या टपरीवरही ऐकतो. वकिलाची अब्रू आपण त्याच्या अशिलाच्या अब्रूवरून ठरवतो. हे बरोबर आहे का, एवढाच आजचा प्रश्न.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे थोडं आमच्या शास्त्रातलं सांगतो. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोघंही सत्य शोधत असतात. जल्पात जिंकायचं असतं. आणि वितंडा म्हणजे काय, तर स्वतःचा कुठलाही पक्ष न मांडता फक्त समोरच्याचं म्हणणं तपासून मोडून काढणं. मराठीत 'वितंडवाद' ही जवळजवळ शिवी आहे. पण आरोपीचा वकील नेमकं हेच करतो ना? "माझा अशील सज्जन आहे" हे त्याला सिद्ध करायचं नसतं. "तुम्ही आरोप सिद्ध केलेला नाही" एवढं त्याने दाखवलं की बहुतेक खटल्यांत त्याचं काम झालं.

आता गंमत बघा. वितंडेला खालचा दर्जा देणारं हेच शास्त्र तिची एक गरजही सांगतं. शेतात कोवळं रोप वर येतं तेव्हा आपण भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतो. जल्प आणि वितंडा या तशा फांद्या आहेत, सत्याचा निर्णय राखण्यासाठी, असं न्यायसूत्रकार म्हणतात. आपल्या भागात बाभळीचं कुंपण कुणाला समजावून सांगायला नको. काटे काही कुणाला आवडत नाहीत. पण कुंपण काढलं तर पिकाचं काय होतं हेही आपल्याला माहीत आहे.

आता बाबासाहेबांचे दोन खटले घेऊ. पहिला 1926 चा. दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' नावाचं पुस्तक लिहिलं. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात फार जहाल भाषेत टीका होती. अब्रुनुकसानीची फिर्याद झाली, आणि खालच्या कोर्टात जवळकर, केशवराव जेधे वगैरे मंडळींना शिक्षा झाल्या. अपिलात पुण्याच्या सेशन्स कोर्टात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. त्या वेळचं पुणं डोळ्यांसमोर आणा. टिळकांना जाऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. पुस्तकाची भाषा आज वाचणाऱ्यालाही खटकेल. पण भाषा खटकणं वेगळं आणि कायद्याने गुन्हा शाबित होणं वेगळं. कोर्टापुढे प्रश्न होता तो दुसरा.

दुसरा खटला 1934 चा, रघुनाथ धोंडो कर्व्यांचा. र. धों. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण हा त्यांचा विषय. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले, त्यांनी छापून उत्तरं दिली, म्हणून अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्याआधी 1931 मध्येही त्यांना दंड झाला होता. बाबासाहेब तेव्हा गोलमेज परिषदा आणि पुणे करारामुळे देशभर गाजलेले पुढारी होते. या खटल्यातून त्यांना मतं मिळणार नव्हती, पैसाही मिळणार नव्हता. बदनामी तेवढी पदरात पडायची शक्यता होती. तरी ते उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून लेखन आपोआप अश्लील ठरत नाही, आणि वाचकाला शंका असेल तर तिचं उत्तर मिळालं पाहिजे.

हा खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण आज 'समाजस्वास्थ्य'वर नाटक येतं, त्या निकालाकडे आपण खेदाने बघतो, आणि वकील म्हणून बाबासाहेबांचं नाव घेताना हा हरलेला खटला आवर्जून सांगतो. म्हणजे वकिलाची कीर्ती नुसत्या निकालांच्या बेरजेवर ठरत नाही.

इथे कुणी म्हणेल, या दोन्ही खटल्यांत बाबासाहेबांना आरोपींविषयी आपुलकी होती. खरं आहे. पण वकील आणि अशील यांचं मत एकच असलं पाहिजे असं नाही. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी दिनशा दावर यांनी अर्ज केला होता. त्याच दावरांनी 1908 मध्ये न्यायाधीश म्हणून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. वकीलपत्र घेणं म्हणजे अशिलाचं तत्त्वज्ञान स्वीकारणं नव्हे. अर्थात वकिलालाही मर्यादा आहेत. खोटा साक्षीदार उभा करता येत नाही, कोर्टाची दिशाभूल करता येत नाही. बाभळीच्या काट्यांनी रोपच ओरबाडलं तर कुंपणाचा उपयोग काय?

15 सप्टेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी एक नवं कलम मांडलं. आज ते 22 वं कलम आहे. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क त्यात आहे. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होती. मग घटनेत कशासाठी? साधा कायदा कुठलंही सरकार सहज बदलू शकतं, घटनेतला हक्क तितक्या सहज काढता येत नाही, म्हणून. सोलापूरकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. 12 मे ते 30 जून 1930 या शहरावर मार्शल लॉ होता. नेहमीची न्यायव्यवस्था बाजूला सारून लष्करी कोर्टांनी इथल्या माणसांना शिक्षा दिल्या.

आता अलीकडचं बघा. 2009 मध्ये कसाबसाठी कोर्टाने वकील नेमला, तर त्या वकील बाईंच्या घरापुढे जमाव आला. त्याच खटल्यात फहीम अन्सारी नावाचा दुसरा आरोपी होता. त्याचे वकील शाहिद आझमी यांची 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यात त्यांच्या ऑफिसात गोळ्या घालून हत्या झाली. वय होतं 32. तीन महिन्यांच्या आत, 3 मे रोजी, अन्सारी निर्दोष सुटला. सर्वोच्च न्यायालयातही ती सुटका कायम राहिली. कसाबला फाशी झाली. एकाच खटल्यात दोन आरोपी, आणि दोन वेगळे निकाल. तपासणारा वकीलच नसता, तर हा फरक कोर्टाला कळला असता का?

त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदेशीर आहेत. तरीही असे ठराव अधूनमधून होतातच, आणि आपण टाळ्या वाजवतो. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणारे आपलेच हात त्या टाळ्यांत असतात, हे मला खटकतं. पुढच्या वेळी गावात एखादी संतापजनक घटना घडेल, आणि कुणीतरी वकील निमूटपणे आरोपीच्या बाजूने उभा राहील. त्याचा युक्तिवाद आवडला नाही तर जरूर बोला, पण त्याच्या उभं राहण्याला नावं ठेवू नका.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.