महामार्गांच्या संगमावरील शहरे

एखादे शहर इतर प्रदेशांशी कितपत जोडलेले आहे, हे नकाशावर तेथे येऊन मिळणाऱ्या रेषा मोजून ठरविण्याचा मोह साहजिकच होतो. परंतु केवळ रेषांच्या संख्येवरून फारसा बोध होत नाही. ते रस्ते कोणकोणत्या दिशांना व किती दूरवर जातात, त्यांपैकी एक बंद पडला तर दुसऱ्यावर निभावते काय, आणि पुढे जाणाऱ्या वाहनांना शहरात न शिरता वाट मिळते काय, हे तीन प्रश्न विचारल्यावरच शहराची खरी स्थिती ध्यानात येते.

भारतातील रस्त्यांचा एकत्रित विचार १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या प्रमुख अभियंत्यांच्या परिषदेत झाला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक रस्ते, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते अशी प्रतवारी त्या परिषदेच्या योजनेत होती. पुढे १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांसंबंधीचा कायदा झाला. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य मार्गांना सम आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम अंक देण्यात आल्याने, अंकावरूनच मार्गाची दिशा ओळखता येऊ लागली.

दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना सांधणारा ५,८४६ किलोमीटर लांबीचा सुवर्ण चतुष्कोन हा या जाळ्याचा मुख्य सांगाडा होय. त्याची पायाभरणी १९९९ साली झाली आणि २०१२ मध्ये तो पूर्ण झाला. श्रीनगर ते कन्याकुमारी आणि पोरबंदर ते सिल्चर असे दोन मोठे पट्टे या चतुष्कोनाला छेदून जातात. चतुष्कोन आणि हे पट्टे जेथे एकमेकांना भेटतात, तेथील शहरांना विशेष महत्त्व आले आहे.

दिल्ली ही त्यांत अग्रगण्य. महामार्ग ४४ तेथून उत्तरेस अंबाला, जालंधर व जम्मूकडे, तर दक्षिणेस आग्र्याकडे जातो. महामार्ग ४८ जयपूर, अहमदाबाद व मुंबईची वाट धरतो. महामार्ग ९ पश्चिमेस हिसारला आणि पूर्वेस मुरादाबादला पोहोचतो. आग्र्याला जाण्यास २०१२ पासून यमुना द्रुतगती मार्गाचा पर्यायही आहे. तथापि हरियाणातून उत्तर प्रदेशात जाणाऱ्या कित्येक मालमोटारी दीर्घकाळ दिल्लीच्या वस्तीतूनच जात असत आणि त्यांच्या धुराचा व कोंडीचा त्रास शहराला सोसावा लागे. शहराला पूर्वेकडून व पश्चिमेकडून वळसा घालणारे दोन परिघीय द्रुतगती मार्ग २०१८ साली पूर्ण झाले, तेव्हा या वाहतुकीला निराळी वाट मिळाली.

दक्षिणेत हेच स्थान बंगळूरचे आहे. मुंबई-चेन्नई मार्ग आणि काश्मीर-कन्याकुमारी मार्ग तेथे एकत्र येतात, तर महामार्ग ७५ त्या शहराला हसनमार्गे मंगळूरच्या किनाऱ्याशी जोडतो.

नागपूर चतुष्कोनाच्या कोणत्याही बाजूवर नाही, ते त्याच्या पोटात वसले आहे. परंतु महामार्ग ४४ आणि हजिऱ्याहून धुळे, अकोला, रायपूर या मार्गाने पारादीपला जाणारा महामार्ग ५३ यांची तेथे गाठ पडते. अहमदाबाद व इंदूरकडून येणारा महामार्ग ४७ तेथेच संपतो. मुंबईशी जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग २०२५ साली संपूर्ण खुला झाल्याने आणखी एक वाट उपलब्ध झाली. चारही दिशांना समान मोकळीक असलेले असे दुसरे मोठे शहर क्वचितच आढळेल. झाशीलाही दोन्ही पट्ट्यांचा छेद लाभला आहे, परंतु तिला महानगराचे रूप आलेले नाही. यावरून असे दिसते की, रस्ते शहराला संधी देतात, पण केवळ त्यांच्यामुळे शहराची भरभराट होत नाही.

मुंबई, चेन्नई व कोलकाता ही चतुष्कोनाची टोके असली तरी भूमार्गांच्या दृष्टीने त्यांना मर्यादा आहेत. मुंबईच्या एका बाजूस समुद्र आहे आणि देशावर जाण्यासाठी वाहनांना बोर घाट किंवा कसारा घाट चढावा लागतो. बंदराचे वैभव आणि रस्त्यांची मुबलकता या दोन भिन्न गोष्टी होत.

पर्याय नसणे म्हणजे काय, हे ईशान्येकडे विशेष जाणवते. सिलिगुडीला अनेक रस्ते येऊन मिळतात, परंतु नेपाळ व बांगलादेश यांच्यामधील जी चिंचोळी पट्टी ओलांडून उर्वरित भारतातून आसामात जावे लागते, ती सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम २२ किलोमीटर रुंद आहे. तेथून गंगटोककडे जाणारा महामार्ग १० तिस्तेच्या खोऱ्यातून जातो. पावसाळ्यात दरडी कोसळून तो वारंवार बंद पडतो आणि ऑक्टोबर २०२३ च्या पुरात त्याची मोठी हानी झाली. इम्फाळची अवस्था याहून बिकट होती. नागालँडमधून व सिल्चरकडून येणाऱ्या दोन महामार्गांवर त्या शहराचा सारा भार होता. २०११ साली आंदोलकांनी ते शंभराहून अधिक दिवस रोखून धरले, तेव्हा इंधन, स्वयंपाकाचा वायू व औषधे यांची तीव्र टंचाई झाली. इम्फाळपर्यंत रेल्वे पोहोचलेली नसल्याने दुसरा आधार नव्हता.

या तिन्ही कसोट्या एकत्र लावल्या, तर दिल्ली, नागपूर व बंगळूर ही शहरे अग्रस्थानी ठेवावी लागतात. परंतु नियोजनकारांना त्यांच्या क्रमापेक्षा यादीच्या तळाशी असलेल्या शहरांची चिंता अधिक वाहावी लागेल. दिल्लीला आणखी एक रस्ता मिळाला, तर प्रवासातील काही वेळ वाचेल. गंगटोक किंवा इम्फाळ यांसारख्या शहराला मिळालेला पर्यायी रस्ता मात्र संकटसमयी तेथील घराघरांतील चूल पेटती ठेवील.