रिव्होनियातली सहा पानं

मंडेलांविषयी काहीही वाचायला घेतलं की माझं मन रेंगाळतं ते जोहान्सबर्गच्या उत्तरेला, रिव्होनियातल्या लिलीज्‌लीफ शेतावर. 1961 मध्ये बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाने ही 28 एकर जागा गुप्त अड्डा म्हणून एका बनावट कंपनीच्या नावाने घेतली. बंगल्यात चित्रकार आर्थर गोल्डराइख बायकामुलांसह सुखवस्तू गोऱ्या कुटुंबाच्या थाटात राहायचा. मागे नोकरांच्या खोलीत निळ्या डगल्यातला गडी ‘डेव्हिड’, म्हणजे मंडेला. बांधकामावरची माणसं त्यांना चहा आणायला फर्मावत आणि ते निमूट आणून देत.

11 जुलै 1963 ला लाँड्रीच्या गाडीत दडून पोलीस आले. मंडेलांचे सहकारी सिसुलू, गोव्हन म्बेकी, केस रंगवून पोर्तुगीज बनलेले अहमद कथराडा, सगळे सापडले. मंडेला आधीच तुरुंगात होते. आपले शेतावरचे कागद हलवा, असा निरोप त्यांनी आतून धाडला होता. कागद जागचे हलले नव्हते. त्यांच्याच हस्ताक्षरातल्या वह्या पुढे या सगळ्यांवरच्या खटल्यात पुरावा म्हणून आल्या.

खरा घोळ मात्र छाप्यात सापडलेल्या ‘ऑपरेशन मायिबुये’ या सहा पानी आराखड्याचा. तीस-तीस जणांच्या चार तुकड्या समुद्रमार्गे किंवा विमानाने उतरवायच्या आणि देशात सात हजार माणसं त्यांना मिळायला तयार ठेवायची, असा सरकारविरुद्धच्या गनिमी युद्धाचा बेत. तो मंजूर झाला होता का? बचावपक्षाचं म्हणणं: नाही, नुसती चर्चा चालू होती. न्यायमूर्ती द वेट यांनी ते मान्य केलं. आठ जणांना फाशीऐवजी जन्मठेप झाली, त्यात या मुद्द्याचा वाटा मोठा होता असं मला वाटतं. पण म्बेकी मात्र म्हणत राहिले, बेत मंजूर झाला होता. सिसुलू-कथराडांना ते कधीच पटलं नाही. एकाच तुरुंगात वर्षानुवर्षं काढूनही हा वाद मिटला नाही.

पुढे शेताचे तुकडे पडले, भोवती बंगले उठले. या शतकाच्या सुरुवातीला एका न्यासाने जागा परत जमवायला घेतली, जुन्या इमारतींवर चढलेली नवी बांधकामं उतरवली आणि 2008 मध्ये संग्रहालय उघडलं. हे काम चोख झालं आहे. इथिओपियात भेट मिळालेलं पिस्तूल मंडेलांनी इथेच पुरलं होतं. बरीच खोदाखोद होऊनही ते सापडलेलं नाही. सफारीचा एक ट्रकही संग्रहालयात मांडला गेला. 1980 च्या दशकात परदेशी प्रवासी ज्या आसनांवर मजेत बसत, त्यांच्याखालून दक्षिण आफ्रिकेत या चळवळीची शस्त्रं जात.

पर्यटक ट्रकभोवती गर्दी करणारच. माझ्या मते मात्र या जागेच्या इतिहासात सर्वांत मोलाची ती सहा पानं. ज्या कागदांमुळे ही माणसं फासापर्यंत जाऊ शकली असती, त्यांवरूनच आज त्यांची कहाणी सांगता येते. संग्रहालयात म्बेकींचं म्हणणं आणि कथराडांचं म्हणणं एकाच भिंतीवर, सारख्याच अक्षरांत लावलेलं असावं. दोघांनीही त्याच लढ्यापायी वीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.