दीड मिलिमीटरची राखण

शहाळ्याचे पाणी नळीने पिताना नळीला वरच्या बाजूस बारीक चीर गेलेली असेल, तर काय होते हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. कितीही ओढले तरी तोंडात पाण्यापेक्षा हवाच जास्त येते. चिरेवर बोट दाबून धरले, की पाणी पुन्हा मुकाट्याने वर चढू लागते. मोटारीच्या इंजिनातही अशीच एक जागा आहे. तिथे बोटाचे काम करते ते गॅस्केट, म्हणजेच आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेतले ‘पॅकिंग’. कुकरची रिंग आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही. हे पॅकिंग बाहेरची हवा आत येऊ देत नाही. पॅकिंगची किंमत इंजिनाच्या मानाने अगदी किरकोळ असते, पण त्याची निवड चुकली तर महागडे इंजिनही धड चालत नाही. जुन्या इंजिनात बदल केले असतील, तर ही चूक होण्याची शक्यता फारच वाढते. ती का वाढते, हे पाहताना शाळेत शिकवलेले बरेचसे भौतिकशास्त्र आणि थोडी भूमितीही कामाला येते.

उदाहरणासाठी आपण अमेरिकेतले एक प्रसिद्ध इंजिन घेऊ. शेवरले कंपनीने 1955 साली आठ सिलिंडरचे ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिन बाजारात आणले. त्याची क्षमता 265 घन इंच, म्हणजे सुमारे 4.3 लिटर होती. पुढे 1967 मध्ये त्याच घराण्यातले 350 घन इंचांचे, म्हणजे 5.7 लिटरचे इंजिन आले. जुन्या गाड्यांचे शौकीन या इंजिनात आजही हौसेने फेरफार करतात. यात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे एकमेकींशी 90 अंशांचा कोन करून उभ्या असतात. प्रत्येक रांगेवर एक हेड असते आणि दोन्ही हेडांच्या मधल्या खोबणीत पाचरीसारखा बसतो तो इनटेक मॅनिफोल्ड. कार्ब्युरेटरमधून आलेले हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आठही सिलिंडरना वाटून देणे, हे त्याचे काम. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये प्रत्येक बाजूला एक गॅस्केट असते. त्याची जाडी साधारण दीड मिलिमीटर.

एक सेंटिमीटरची फट

इंजिन नुसते संथ चालत असते, तेव्हा कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन मात्र हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब पाऱ्याच्या 280 मिलिमीटरपर्यंत उतरू शकतो. बाहेर वातावरणाचा दाब 760 मिलिमीटर. आतला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे 0.53 पट झाला, की फटीतून घुसणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचते. आतला दाब आणखी उतरला तरी आत येणारी हवा वाढत नाही. आपल्या उदाहरणात तर तो त्याहूनही कमी आहे. अशा गळतीचा बारीक ‘सुस्स’ आवाज येतो तो यामुळेच.

आता ढोबळ हिशोब करू. फट 0.1 मिलिमीटर रुंद, म्हणजे कागदाच्या जाडीएवढी, आणि फक्त 1 सेंटिमीटर लांब आहे असे समजा. तिचे क्षेत्रफळ झाले 1 चौरस मिलिमीटर. एवढ्या वाटेने सेकंदाला सुमारे 0.2 ग्रॅम हवा आत येते. संथ चालणाऱ्या 5.7 लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला सेकंदाला साधारण 1 ग्रॅम हवा येते. म्हणजे फटीजवळच्या सिलिंडरला जवळजवळ एक पंचमांश हवा फुकट मिळाली, पण तिच्या जोडीचे पेट्रोल मिळाले नाही. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एका ग्रॅमला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. इथे ते प्रमाण साडेसतराच्या घरात गेले. इतके विरळ मिश्रण नीट पेटत नाही आणि गाडी ‘मिसिंग’ करू लागते.

गंमत अशी, की गाडी पूर्ण जोरात पळवली की हा दोष दिसेनासा होतो. तेव्हा झडप पूर्ण उघडी असते, आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा होतो आणि सिलिंडरला सेकंदाला कितीतरी ग्रॅम हवा मिळत असते. म्हणून पुष्कळ वेळा लोक कार्ब्युरेटरच्या स्क्रूशी तासन्तास खेळत बसतात. चूक मात्र पॅकिंगची असते.

फेरफार केल्यावर काय बिघडते?

इंजिनाचा जोर वाढवण्यासाठी हेडचा खालचा पृष्ठभाग मशीनवर थोडा छिलून घेतात. त्यामुळे ज्वलनाची जागा लहान होते आणि मिश्रण अधिक दाबले जाते. पण हेड छिलले की ते सिलिंडरच्या रांगेच्या दिशेने, म्हणजे उभ्या रेषेशी 45 अंशांत, खाली सरकते. काटकोन त्रिकोण काढून पाहा: 1 मिलिमीटर छिलले, तर हेड 0.7 मिलिमीटर खाली आणि तेवढेच आतल्या बाजूला येते. दोन्ही हेडे आत आली, म्हणजे मधले अंतर 1.4 मिलिमीटरने घटले. मॅनिफोल्डची पाचर मात्र होती तेवढीच आहे. साहजिकच ती हेडच्या मानाने उंच बसते. मग दोन्हीकडची भोके एकमेकांसमोर येत नाहीत आणि बोल्टही तिरके जाऊ पाहतात. फरक थोडा असेल तर पातळ गॅस्केटने तो भरून निघतो. फरक मोठा असेल तर मॅनिफोल्डचे किंवा हेडचे बाजूचे पृष्ठभागही छिलावे लागतात. हे छिलणे जास्त झाले, तर पाचर खोल बसते. अशा वेळी 3 मिलिमीटर जाडीचे गॅस्केट उपयोगी पडते.

पण एक गोष्ट कोणतेही गॅस्केट सुधारू शकत नाही. दोन पृष्ठभाग समांतर नसतील, तर जाडी बदलून काही होत नाही. वरची कड घट्ट आणि खालची सैल, असेच होत राहते.

दुसरा बदल धातूचा. मूळच्या बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी हलका अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड घालतात. हेड बऱ्याचदा बिडाचेच राहते. 45 सेंटिमीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा भाग 20 अंशांवरून 90 अंश सेल्सिअसला गेला, की सुमारे 0.7 मिलिमीटर वाढतो. बीड त्याच्या निम्मेच वाढते. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन तापताना आणि निवताना हे दोन धातू गॅस्केटवर एकमेकांना घासत सरकतात. कडक पत्र्याचे गॅस्केट अशा जागी फारसे टिकत नाही. दाबले जाणारे, भोकांभोवती सिलिकोनच्या उंच रेघा असलेले गॅस्केट ही सरक सोसते. काही कारागीर गॅस्केट हेडला चिकटवतात आणि मॅनिफोल्डची बाजू मोकळी ठेवतात, त्यामागचे कारणही हेच.

तिसरा बदल भोकांच्या आकाराचा. हेडमधले मार्ग कोरून मोठे केले असतील, तर गॅस्केटचे भोक त्याहून लहान असता कामा नये. नाहीतर त्याची कड प्रवाहात लोंबते, हवेला अडवते आणि हळूहळू फाटते. भोक फार मोठे घेतले तर दोन मार्गांमधली दाबून धरणारी पट्टी अरुंद होते आणि तिथून गळती लागते. म्हणून गॅस्केट विकत घेण्याआधी भोकांची मापे घ्यावीत; केवळ इंजिनाच्या नावावर विसंबू नये.

मॅनिफोल्डच्या मधोमध जळालेल्या गरम वायूचाही एक मार्ग असतो. थंडीत पेट्रोलची वाफ व्हावी म्हणून तो कार्ब्युरेटरचा तळ तापवतो. उष्ण हवेत जोरासाठी चालवायच्या गाडीत हा मार्ग बंद असलेले गॅस्केट निवडतात. कडक हिवाळ्यात रोज चालवायच्या गाडीत तो उघडा ठेवणे बरे.

बसवताना

आधी जुने पॅकिंग खरवडून काढावे लागते. जुन्या गॅस्केटांमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते कोरडे घासू नये; ओले करून काढावे. खालच्या खोबणीत कचरा पडू नये म्हणून तिथे कापड अंथरावे आणि शेवटी आठवणीने काढावे.

मग काहीही न चिकटवता मॅनिफोल्ड नुसता ठेवून पाहावा. बोल्टची भोके जुळतात का? वरच्या आणि खालच्या कडेशी फीलर गेजची पाती सारखीच जातात का? पुढच्या आणि मागच्या टोकाला ब्लॉकशी किती फट राहते? या टोकांना पूर्वी बुचाच्या किंवा रबराच्या पट्ट्या घालत. आता बहुतेक जण सिलिकोनचा जाड थर देतात. पाण्याच्या मार्गांभोवतीही पातळ थर लावतात.

बारा बोल्ट मधून बाहेर, आलटून-पालटून, तीन टप्प्यांत आवळावेत. शेवटचे बल सुमारे 40 न्यूटन-मीटर. पान्याने लावलेल्या बलापैकी सुमारे नऊ दशांश घर्षणात जाते आणि बोल्ट ताणायला केवळ एक दशांश उरते. म्हणूनच आटे गंजलेले असतील तर पाना ‘घट्ट झाले’ म्हणतो, पण पॅकिंग सैलच राहते. इंजिन काही वेळा तापून निवल्यावर, थंड असताना, बोल्ट पुन्हा तपासावेत.

गळती शोधताना काही जण सांध्यावर पेट्रोलजन्य द्रव फवारतात. तापलेल्या इंजिनाजवळ हे धोक्याचे आहे. पाण्याचा बारीक फवाराही चालतो. फट झाकली गेली, की इंजिनाची चाल क्षणभर बदलते. गॅस्केटची खालची कड मात्र फवाऱ्याला सापडत नाही. तिथून हवेबरोबर तेलही ओढले जाते आणि निळा धूर निघतो. अशा वेळी इंजिनाच्या तेलाच्या भागाला हवा देणाऱ्या नळ्या थोडा वेळ बंद करून तेल भरायच्या तोंडावर हात ठेवतात. हात बाहेर ढकलला जायला हवा. तो आत ओढला गेला, तर खालून गळती आहे हे नक्की.

वर्गात करून पाहा

पेयाच्या नळीला टाचणीने भोक पाडा आणि पाणी ओढा. मग भोके वाढवत जा. किती भोकांनंतर पाणी वर चढणे बंद होते? दुसरा प्रयोग भूमितीचा. पुठ्ठ्याचा काटकोनी ‘व्ही’ आणि त्यात बसणारी पाचर कापा. ‘व्ही’च्या दोन्ही बाजूंना आतून एकेक पुठ्ठा चिकटवा आणि पाचर किती वर आली ते मोजा. उत्तर पुठ्ठ्याच्या जाडीच्या 1.4 पट येईल. ते तसेच का यावे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.