कारड गावात, पोट पुण्यात

मैत्रिणींनो, २०२० चा मे महिना आठवतो? आमच्या शेलूबाजारच्या हमरस्त्यानं मुंबई-पुण्याकडची माणसं पायीच गावाकडे निघाली होती. २५ मार्चपासून सगळं बंद. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुटल्या, पण सगळ्यांना जागा कुठून मिळणार? ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले.

पुण्याहून लेकरं घेऊन परतलेली आमची शेजारीण म्हणाली, "माय, कारड गावात अन् पोट पुण्यात! दुकानदार धान्य देईना, मंग थांबून काय करू?" रोगापेक्षा उपासाचीच भीती मोठी होती.

खरं तर 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना २०१९ मध्येच सुरू झाली होती, पण तिला कुणी सांगितलंच नाही. जून २०२२ पर्यंत ती देशभर लागू झाली. नवं कार्ड लागत नाही. आधार जोडलेलं हवं, अंगठा जुळला की झालं. निम्मं घर तिकडे, निम्मं इकडे असलं तरी आपापला वाटा उचलता येतो.

तेव्हा कामासाठी बाहेरगावी निघालेल्या लेकीसुनेच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीसोबत रेशनकार्डाचा नंबरही आठवणीनं द्या!